पहिली मरळ डोहाची

कंदील बारीक करा रे. तेल काय तुमचे सासरे देतेत? आन् मधी कोणी खोकलायचं न्हाई. खोकललं की मी उठून झोपाया जाईन. तुम्ही जा मंग एकटे घरी... नदीकडच्या वाटंनं.

ही गोष्ट आमच्या शेजारच्या रखमाजीची. कुंभार पिंपळगावातली, निजामाचं राज होतं तव्हाची. खोटी निघाली तर माह्या मिशा उपटा. आता मिशाच राह्यल्या न्हाईत, ते सोडा.

रखमाजीची लेक नंदा लई दिसाच्या तापातून उठली. ताप गेला, पण पोरगी बी त्याच्या संगंच चालली. पेज दिली, ओकली. दूध दिलं, ओकली. हकीम म्हणला, "मरळ मासा आण. त्याचं पातळ कालवण पाज. तेव्हढंच पोटात ठरंल. आन् न्हाई ठरलं तर..." आन् पिशवी उचलून चालता झाला.

मंग काय, रखमाजी रोज गळ घेऊन गोदावरीवर. पण मरळ लई बेरकी जात. लव्हाळ्यात दडून बसती, दम घ्यायला वर येती, बुळुक करती आन् गायब. गांडुळाकडं ढुंकून बघत न्हाई. तिला जिता बेडूक लागतो. गळाला टोचायचा आन् पाण्यावर नाचवायचा. रखमाजी नाचवायचा. मरळ यायची, बेडूक घ्यायची, गळ बी घ्यायची, दोरी तोडून निघून जायची. ह्याच्या हातात काठी तेव्हढी.

घरी त्याची बायको द्वारका रोज सांजंला वाटण वाटून ठेवायची. सकाळी ते आंबलेलं वाटण उकिरड्यावर. मंग पाटा खसाखसा घासायची. त्यो आवाज रखमाजीच्या काळजावर चालायचा. आन् वरून पारावरची माणसं, "काय रखमाजी, मरळीची खानावळ घातली म्हणं? रोज ताजा बेडूक!" रखमाजीला वाटायचं, एकेकाला गळाला टोचावं.

मरळीची खरी जागा म्हणजे जांभळीखालचा डोह. काठावरून गळ पोचत न्हाई, नावंबिगर जमत न्हाई. पण नाव आणायची कुठून? तर गेला महेमूदच्या गुऱ्हाळावर. गुळाचा हंगाम सरला होता, काहील, म्हंजी रस उकळायची ती थोरली कढई, रिकामी पडल्ती. आपल्याकडं पुरात माणसं उतरवायला तीच काहील नाव म्हणून घालायचे, ठावं हाय ना? एक जण आत बसायचा, दुसरा काठावर दोर धरून. आतल्यानं दोराला एक झटका दिला की ढील द्यायची. दोन दिले की ओढून घ्यायचं.

महेमूद म्हणला, "रखमाभाई, काहील लेके जा. मय बी आतू, दोर कोन पकडंगा? पन त्यो डोह..."

"काय झालं डोहाला?"

"कचरूचाचाका हय."

कचरू भोई म्हणजे गळाचा उस्ताद. रखमाजीला गळ त्यानंच शिकवला. कचरू दोर काहिलीला न्हाई, सोताच्या कमरंला बांधायचा. गेल्या पावसाळ्यात काठावरच्या माणसाला डुलकी लागली. डोळा उघडला तव्हा काहील उलथी. दोर ओढला तर मोकळाच आला. गाठ सुटलेली. कचरू काही घावला न्हाई. तव्हापसून त्या डोहातली पहिली मासळी त्याच्या नावानं परत सोडायची, असं भोयांनी ठरवल्तं.

रंगपंचमीची आदली रात. चांद नुकताच वर आल्ता. दोर काहिलीच्या कडीला बांधून रखमाजी आत बसला. बांबूनं ढकलत डोहाच्या मधी गेला. पहिला बेडूक गेला. दुसरा गेला, गळासकट. एकच राह्यला. रखमाजी पाण्याकडं बघून अशा शिव्या देऊन राह्यला, मी तुम्हाला सांगत न्हाई, तुम्ही उद्या शाळंत वापरताल.

आन् तिसऱ्याला... घेतला. ह्या डाव रखमाजीनं झटकलं न्हाई. गिळू दिला. मंग ओढली. कोपरापसून बोटापर्यंत लांब मरळ! काहिलीत धाडधाड आपटाया लागली.

काठावरून महेमूद वरडला, "रखमा! पैली हय! छोड दे!"

"मेलेल्याला कालवण लागतंय का?" रखमाजी वरडला. "घरी जिती पोरगी हाय माही! त्याला उद्या देतो!"

मरळ गोणपाटात गुंडाळली. दोराला दोन झटके दिले.

दोर ताणला. काहील हालली.

पण काठ... लांब चालला.

"महेमूद, इकडं ओढ ना! झोपला का?"

"मय खेंचाच नै रे... दोर ढिला हय माह्या हातात."

रखमाजीनं कडीकडं पाह्यलं. दोर काठाकडं न्हवता गेलेला. खाली गेल्ता. सरळ खाली.

काहील कलली. पाणी तिच्या कडेला टेकलं.

मंग दोराला झटका बसला. एक.

...

दुसरा.

दोन झटके. ओढ मला.

कोणाला ओढू?

ए, मागं कशाला बघतू? मागं भिंत हाय. हाय ना?

परत दोन. काहिलीत पाणी शिरलं. रखमाजी रडाया लागला, भ्यानं न्हाई, रागानं. "घे! खा! माह्या लेकीच्या तोंडातला घास खा!" आन् मरळ फेकली डोहात, तोंडातल्या गळासकट.

दोर ढिला पडला.

महेमूदनं दोर ओढून त्याला काठाला आणलं. दोघांनी काहील रेतीवर घेतली, पाणी उपसलं, दोराचं वेटोळं आत ठिवलं. सकाळी बैलगाडी आणू म्हणून घराकडं आले.

घरी नंदा जागीच. "बाबा, घावला?"

रखमाजी भिंतीकडं तोंड करून पडला. द्वारकानं वाटणावर ताट झाकलं.

उजाडल्यावर दोघं बैलगाडी घेऊन काहील आणाया गेले. काहील तिथंच, रेतीवर. पण निम्मी पाण्यानं भरलेली. आन् आत एक मरळ गरागरा फिरून राह्यली. तोंडात रखमाजीचाच गळ.

त्या दिशी नंदा वाटी चाटून पुसून प्याली. ओकली न्हाई. आता जालन्यात नातवंडं खेळवती, इचारा तिला.

पण काहिलीत दोर न्हवता. एक टोक कडीला बांधलेलं तसंच, बाकी सगळा डोहात गेलेला. महेमूद हात लावीना. मंग रखमाजीनंच ओढला. हळूहळू. हलकाच आला.

शेवटाला गाठ मारलेली होती. पक्की, भोयाची. आन् गाठीचा फेर... माणसाच्या कमरंएव्हढा.