सात नंबरची फिल्म

गिरणीचा सातचा भोंगा वाजला, डॉक्टर वेणीमाधवांनी सोनाबाईच्या एक्स-रेचं पाकीट उघडलं, आणि ते रिकामं निघालं.

सोलापुरातल्या त्या मोठ्या इस्पितळाच्या अस्थिरोग विभागात दर शनिवारी कॉन्फरन्स भरायची. आठवड्यातल्या चुका तिथं चव्हाट्यावर मांडायच्या. शिकण्यासाठी म्हणे. आज पाळी होती बार्शीच्या कमलाकरची. घराण्यातला पहिला डॉक्टर, शेवटचं वर्ष, एप्रिलात परीक्षा.

चूकही साधीसुधी नव्हती. नातेपुत्याच्या सोनाबाईच्या डाव्या नडगीच्या हाडात पू धरला होता. बुधवारी कमलाकरनं उजवी नडगी फोडली. आत हाड ठणठणीत. आता चांगल्या पायाची ती जखमही चिघळली होती.

"फिल्म कुठंय?" विभागप्रमुख वेणीमाधवांनी विचारलं.

"पाकिटातच ठेवली होती, सर."

"म्हणजे आधी चांगला पाय फोडलास, मग पुरावा पळवलास."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. कमलाकरला काढून टाकण्याचं पत्र टाइप होऊन तयारच होतं. कॉन्फरन्सला बसलेल्या डीनसाहेबांनी मात्र पेन उघडलं नाही. पॅथॉलॉजीच्या लेक्चरर पद्मजाबाईंना त्यांनी बाजूला घेतलं.

"बारा वाजता मी सही करणार. तोवर काय विचारायचं ते विचारून घ्या."

पद्मजाला या कॉन्फरन्सची शिसारी यायची. पोरांना सोलून काढायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं, हे तिला कधी पटलं नाही. ती लगेच कामाला लागली.

"केसपेपरवर कुठला पाय लिहिला होता?"

"डावा," कमलाकर म्हणाला. "मीच लिहिला होता."

"मग?"

"फिल्म उजव्या पायाची दिसली."

"स्वतःच्या अक्षरावर विश्वास नाही?"

विभागात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कागद माणूस लिहितो, फिल्म यंत्र काढतं. दोन्हींत फरक पडला तर फिल्म खरी, हा सरांचा कायदा. दिवाळीनंतर एकदा कमलाकरनं कागद खरा मानला होता. सरांनी त्याला दोन तास स्टुलावर उभं केलं, डोक्यावर हाड धरून, नर्सांच्या देखत.

"त्यानंतर मी कागदाकडं बघतच नाही, बाई."

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर मथुराबाई हत्यारं उकळत होत्या.

"फिल्म दिव्याच्या पेटीवर कुणी लावली?"

"मीच की. सरांच्या कपाटातनं आली, तशी लावली."

"सुलटी-उलटी कशी ठरवली?"

"कोपऱ्यात चिकटपट्टी होती, तिच्यावर सात आकडा. आकडा सरळ दिसंल तशी लावली. उलटा आकडा कोण लावंल?"

वेणीमाधव केबिनमध्ये चहा पीत होते. टेबलावर नडगीचं एक हाड, शिकवायचं.

"सर, फिल्मवर चिकटपट्टी कशाला?"

"मंगळवारी मी पोरांना फिल्मा ओळखायला लावतो. नाव आणि डाव्या-उजव्याचं अक्षर झाकावं लागतं. नाहीतर ही गाढवं हाड सोडून अक्षर वाचतात."

"पट्ट्या कोण काढतं?"

"मीच. मंगळवारीच काढल्या. फिल्मा माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडं."

"हे हाड कुठल्या पायाचं?"

"उजव्या. डावं एका गाढवानं पाडून फोडलं. दोन वर्षं या एकावरच भागवतोय. झाली चौकशी?"

एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत ईश्वरप्पा टेक्निशियन होता. वीस वर्षांची नोकरी, बोटं रसायनांनी पिवळी पडलेली.

"अक्षर ठेवायला विसरलात?"

"शिशाचं अक्षर ठेवल्याबिगर मी फोटोच काढत न्हाय, बाई. डाव्या पायाला डाव्याचं. लई वर्सं झाली, एकदाबी चुकलो न्हाय."

कोपऱ्यात बँडेजनं बांधलेला जुन्या फिल्मांचा गठ्ठा होता.

"हे काय?"

"रद्दी. काल येणीमाधवसाहेब सोता घेऊन आले. आजच जाळ म्हणाले. मी म्हनलं सोमवारी बघू, काय घाई हाय?"

पद्मजानं गाठ सोडली. तिसऱ्या फिल्मच्या कोपऱ्याला तिची बोटं चिकटली.

साडेअकराला तिनं सगळ्यांना पुन्हा कॉन्फरन्सच्या खोलीत बोलावलं आणि ती फिल्म दिव्यावर लावली. कोपऱ्यात सोनाबाईचं नाव होतं, शेजारी डाव्या पायाचं अक्षर.

"ही डाव्या पायाची फिल्म," ती म्हणाली. "फिल्म काचेसारखी असते, दोन्ही बाजूंनी दिसते. उलटी धरली की डावा पाय उजवा दिसतो. फक्त अक्षर उलटं पडतं, म्हणून चूक कळते. अक्षर झाकलं तर कळत नाही."

तिनं फिल्म पालटली आणि कोपऱ्यावर बोट फिरवलं.

"डिंक या बाजूला आहे, अक्षर उलटं दिसतं त्या. पट्टी लावली तेव्हा फिल्म उलटीच होती. का? सरांच्या हातात उजव्या पायाचं हाड होतं म्हणून. शिकवताना फिल्म हाडाशी जुळायला हवी. डाव्या पायाच्या सगळ्या फिल्मा दोन वर्षं अशाच उलट्या लागतात. चूक पट्टी काढायला विसरण्याची झाली. सर म्हणतात मंगळवारीच काढली. मथुराबाईंनी बुधवारी थिएटरात सात आकडा वाचला. मग ती काढली कधी? जखम चिघळली, सरांच्या लक्षात आलं, तेव्हा. त्यांनी पाकिटातली फिल्म घेतली, पट्टी ओढून काढली आणि फिल्म रद्दीत घालून जाळायला दिली. स्वतःच्या हातानं."

ईश्वरप्पानं मान हलवली. मागच्या बाकावर कुणी हसलं नाही.

वेणीमाधव उठले. चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती. त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "कमलाकर, भूल द्यायच्या आधी सोनाबाई काही बोलली होती?"

"हो, सर."

"काय?"

"'ह्यो न्हाय वो, त्यो दुखतोय.' दोनदा म्हणाली."

"आणि तू?"

"मी फिल्म बघितली, सर. तिला गप्प पडायला सांगितलं."

"बसा," वेणीमाधव पद्मजाला म्हणाले.

सकाळपासून तिनं सगळ्यांना विचारलं होतं. सोनाबाईला काही विचारावं, हे तिच्याही मनात आलं नव्हतं.

डीनसाहेबांनी पेन उघडलं आणि कमलाकरच्या पत्रावर सही केली. मग कारकुनाला हाक मारून म्हणाले, "याच मजकुराचं आणखी एक टाइप करा. नाव तेवढं वेणीमाधवांचं घाला."

कमलाकर दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"बाई, सोनाबाईचा डावा पाय अजून करायचा राहिलाय. तिला कोण सांगणार?"

पद्मजा उठली आणि वॉर्डाकडं चालू लागली.