सोंग्याची चाल

शिरोली नाक्याजवळच्या त्या शेडमध्ये पूर्वी लोखंड वितळायचं. भट्ट्या थंड होऊन बरीच वर्षं लोटली होती. आता एका बाजूला काचेची प्रयोगशाळा होती, मधे मऊ मातीचं मैदान होतं आणि त्या मैदानात एक यंत्र चोराचं सोंग घेऊन कुत्र्यांच्या तोंडी जायचं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. सगळे त्याला सोंग्या म्हणत.

त्रिशला मगदूम पहिल्या दिवशी तांबूला घेऊन आल्या असं म्हणणं धाडसाचं ठरेल. तांबूनंच त्यांना आणलं. खांद्यात रुंद, तांबूस रंगाचा तो शेफर्ड कुत्रा पुढं आणि मनगटाला दोर गुंडाळून फरफटत येणाऱ्या त्रिशलाबाई मागं.

"ताई, दोर काढा आधी मनगटाचा!" शबनम मुजावर मैदानातूनच ओरडल्या. पोलिसांच्या श्वानपथकात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आता त्या इथल्या मुख्य प्रशिक्षक होत्या. "हात उखडला तर कुत्रं काय मी सांभाळू?"

त्रिशलाबाईंनी दोर सोडवला. परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, साठीच्या, शांत चेहऱ्याच्या बाई. पण हातातला फोन सारखा उलटासुलटा करत होत्या.

"रक्षणखेळ कशाला शिकायचाय?"

"मुलगा म्हणतो, हा अंगावर येतो. संयमाचा परवाना मिळाला तर घरात ठेवायचा, नाहीतर महापालिकेच्या गाडीत द्यायचा." त्यांनी तांबूच्या कानामागं बोटं खुपसली. "माझं दुसरं कुणी नाही हो."

"चावलाय कुणाला?"

"छे! एकदा गुरगुरला. दारात कुणी आलं होतं तेव्हा."

रक्षणखेळ म्हणजे कुत्र्याला चावायला शिकवणं, असा नवख्यांचा समज असतो. खेळ असतो तो उलटा. कुत्र्यानं चोराला अडवायचं, न शिवता भुंकून जागेवर धरायचं, चोर अंगावर आलाच तर त्याच्या हातावरची जाड बाही पकडायची, आणि मालकानं शब्द टाकताक्षणी सोडायची. शेवटचं सगळ्यांत कठीण. परवान्याची परीक्षा त्याचीच.

पहिला धडा गोणपाटाच्या तुकड्याचा. सोंग्यानं तो तांबूपुढं नाचवला, तांबूनं पकडला, थोडी ओढाताण झाली आणि सोंग्यानं हात सैल सोडला. तांबू गोणपाट मिरवत त्रिशलाबाईंभोवती फिरू लागला.

"हा मुद्दाम हरला की!" त्रिशलाबाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच.

"हरणं ह्येच त्याचं काम," शबनम म्हणाल्या. "जिंकल्याबिगर जिवाला धीर येत न्हाई. कुत्र्याच्या न्हाई, माणसाच्या न्हाई."

तेवढ्यात फोन वाजला. "आले, आलेच," म्हणत त्रिशलाबाईंनी दोर गोळा केला. धडा अर्धाच राहिला.

त्या गेल्यावर शबनम काचेच्या खोलीत आल्या. सोंग्याचा जनक डॉ. पुष्कर हेरवाडकर पडद्यापुढं बसला होता. हुशार पोरगा. कुत्र्यांची मात्र त्याला स्वतःला भीती वाटायची, म्हणून तो काचेपलीकडून हलत नसे.

"डॉक्टर, एकदा नीट सांगा. ह्यो सोंग घेतो ते कुणाच्या डोक्यानं?"

"कुणाच्याच नाही. घाबरलेल्या जिवाच्या घामात ठरावीक द्रव्यं उतरतात. सोंग्याचा गंधवाचक ती हुंगतो आणि एक आकडा काढतो. त्याला मी धास्तांक म्हणतो. मग सोंग्या चाचपत राहतो. जोरात चालून बघ, खोकून बघ, छत्री उघडून बघ. ज्यानं धास्तांक वाढला ते ठेवायचं, बाकी टाकायचं. डोळे बांधून टेकडी चढल्यासारखं. पाय वर पडला की बरोबर, खाली पडला की चूक."

"आन् टेकडीच्या टोकावर?"

"त्या जोडीची सर्वांत मोठी भीती. ती काय आहे हे सोंग्याला कळत नाही, मलाही नाही. पण लहान भीतीपासून तिथपर्यंत चढवत नेलं की कुत्रा कशालाच बिचकत नाही. परीक्षा त्याच शेवटच्या सोंगापुढं घ्यायची."

"जोडीची?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, दोर बांधला की कुत्रं आणि माणूस मिळून एकच जनावर. म्हणून मी घाम दोघांचा एकत्र मोजतो."

"म्हणाले होते खरं," शबनम म्हणाल्या. श्वानपथकात शिकवलेलं ते पहिलं वाक्य. आजवर त्यावर कुणी शंका काढली नव्हती.

आठवडे सरले. प्रत्येक जोडीपुढं सोंग्याचं सोंग वेगळं निघे. एका गलेलठ्ठ कुत्र्यासाठी तो खांद्यावर गॅसची टाकी घेऊन यायचा, एकीसाठी कुबड्या टेकत. तांबूला यातलं काहीच लागू पडेना. छत्रीला त्यानं शेपूट हलवली, टाकीचा वास घेतला आणि कुबडी पळवून नेली.

मग हळूहळू सोंग्याची एक चाल ठरू लागली. उजवा खांदा पुढं काढून तो सावकाश यायचा. बोटावर किल्ली फिरवत यायचा. जवळ पोचायच्या जरा आधीच थांबायचा, घसा खाकरायचा आणि काही न बोलता नुसता उभा राहायचा.

ना आरडाओरडा, ना काठी. तरी धास्तांक असा चढला की पुष्कर खुर्चीतून उठला.

"अडकलं यंत्र," तो म्हणाला. "खोट्या टोकावर जाऊन बसलंय. असल्या चालीला कोण घाबरेल?"

त्यानं सोंग्याची स्मृती पुसली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सोंग्या चाचपडत चाचपडत परत तिथंच आला. तोच खांदा, तीच किल्ली, तेच खाकरणं. पुष्कर चिडला. गंधवाचक बदलला, तरी तेच. शबनमना मात्र वेगळंच खटकत होतं. तांबू तर मजेत होता. कान मोकळे, शेपूट सैल, बाही पकडायची तशी पकडत होता आणि सोडायची तशी सोडत होता.

"ताई, आज दोर माझ्याकडं द्या. तुम्ही तिकडं भिंतीला बसा," त्या म्हणाल्या.

सोंग्या खांदा काढून आला. धास्तांक जमिनीला टेकला.

शबनमनी काचेकडं बघितलं. काचेपलीकडं पुष्करचा चेहरा पडला होता. मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि त्रिशलाबाईंशेजारी मातीत बसल्या.

"कुत्रं कशालाच भ्यालं न्हाई. पहिल्यापासनंच न्हाई. घाम तुमचा हाय, ताई. ह्यो असा चालणारा कोण?"

"कुणी नाही हो. यंत्रच आहे ते."

"ताई."

"परीक्षा कधी आहे?" त्रिशलाबाईंनी विचारलं आणि फोन वाजायच्या आतच उठल्या.

परीक्षेच्या दिवशी त्यांचा मुलगा आला. "मला बघायचंच आहे, हे कुत्रं किती सुधारलं ते," असं त्यानं कळवलं होतं. श्रेणिक मगदूम, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, दिसायला कुणाच्याही नजरेत भरणारा. मोटारसायकल लावून तो शेडच्या दारातून आत आला. सावकाश. उजवा खांदा पुढं. बोटावर किल्ली फिरत होती.

शबनमनी त्याच्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यात उभ्या सोंग्याकडं. पुन्हा त्याच्याकडं.

श्रेणिक आईपासून जरा दूरच थांबला. घसा खाकरला. बोलला काहीच नाही.

"मी यंत्र अजून चालूच केलं नाही," पुष्कर ध्वनिक्षेपकावरून भांबावून म्हणाला, "मग आकडा का चढतोय?" पण परीक्षेची वेळ झाली होती, म्हणून त्यानं कळ दाबली. सोंग्या मैदानात आला आणि ठरलेल्या चालीनं चालू लागला.

शेडमध्ये एकाच वेळी दोन श्रेणिक होते.

"हे काय चाललंय?" खऱ्यानं विचारलं. "माझी नक्कल करायला लावलीस होय त्याला, आई?"

"मी काही शिकवलं नाही रे."

"कुणीच नाही शिकवलं," पुष्करला राहवलं नाही. शास्त्रज्ञाला आपल्या यंत्रावरचा आळ सोसत नाही. "ते आपलं आपण शोधतं. जोडीला सगळ्यांत जास्त धास्ती ज्याची असेल ते..." आणि आपण काय बोललो हे कळून त्याचा आवाज तिथंच बंद पडला.

त्रिशलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रेणिकनं हात उगारलेला नव्हता, एकदा ढकललं होतं तेवढंच. बाकी तो फक्त दारात येऊन उभा राहायचा, आणि तो काय बोलेल याची वाट बघण्यात त्यांचा दिवस जायचा. ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं त्याच्याच पावलांची धास्ती वाटते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आणि आता एक लोखंडी बुजगावणं चारचौघांत चालून दाखवत होतं.

"घरी चल," श्रेणिक म्हणाला. "कुत्रं राहू दे इथंच." आणि आईचा दंड धरायला पुढं झाला.

तांबूनं सोंग्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तो श्रेणिकच्या पुढ्यात आला, पाय रोवले आणि भुंकू लागला. दात लावला नाही, नख लावलं नाही. शिकवलं होतं तसंच धरलं त्यानं श्रेणिकला, जागच्या जागी.

"आई, बोलाव त्याला!"

नियम त्रिशलाबाईंना पाठ होता. मालकानं लगेच बोलवायचं. वेळ लावला तर जोडी नापास, आणि नापास म्हणजे महापालिकेची गाडी. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. शबनमनी शिट्टी ओठांशी नेली होती, पण फुंकली नाही.

"बोलावते," त्रिशलाबाई म्हणाल्या. "आधी तू मागं हो."

"काय?"

"मागं हो, श्रेणिक. मला तुझी भीती वाटते. घर माझं आहे, आणि आज त्यातनं तू तुझं सामान घेऊन जायचंस. मी संध्याकाळी येईन. तांबूला घेऊन येईन."

आईला एका दमात एवढं बोलताना श्रेणिकनं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं कुत्र्याकडं पाहिलं, शबनमकडं पाहिलं, आणि एक पाऊल मागं घेतलं.

"तांबू, ये."

शब्द पुरा व्हायच्या आत तांबू त्यांच्या डाव्या गुडघ्याशी येऊन बसला. श्रेणिक बाहेर गेला. मोटारसायकलचा आवाज नाक्याकडं विरत गेला.

"मी उशीर केला बोलवायला," त्रिशलाबाई म्हणाल्या. "नापास झालो ना?"

"परीक्षा सोंग्यापुढं असती. त्यो माणूस परीक्षेत नव्हता. डॉक्टर, सोडा सोंग्या!"

सोंग्या खांदा काढून आला, किल्ली फिरवली, खाकरला. आकडा हलेना. ही चाल आता टेकडीचं टोक राहिली नव्हती, आणि सोंग्याला तर वर चढणं एवढंच ठाऊक. तो गडबडला. छत्री उघडून झाली, कुबड्या घेऊन झाल्या. पुष्कर काचेला नाक लावून बघत होता. आज पहिल्यांदा तो दार उघडून मैदानात आला.

"त्याला काही सापडतच नाही," तो आनंदानं म्हणाला. "भीती संपली!"

तेवढ्यात सोंग्यानं ती टाकून दिलेली चाल पुन्हा उचलली. तोच खांदा, तीच किल्ली. फक्त या वेळी तो उलट फिरला आणि पाठ करून दाराकडं चालू लागला. सावकाश. मागं वळून न बघता.

पुष्करच्या हातातल्या छोट्या पडद्यावर आकडा चढू लागला. चढतच गेला, कधी नव्हता इतका वर.

"पण हा तर निघून चाललाय," तो गोंधळून म्हणाला. "जाणाऱ्या माणसाची कसली भीती?"

"तुम्हाला पोरं न्हाईत, डॉक्टर," शबनम हळू आवाजात म्हणाल्या. "गप बघा. धरलेलं सोडायची परीक्षा आत्ता सुरू झाली."

सोंग्या दारापाशी पोचला. त्रिशलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दोर सैल होता आणि तोंडातून हाक निघाली नाही. तांबूनं एकदा वर त्यांच्याकडं पाहिलं आणि तो तसाच बसून राहिला.