शेवटच्या मशीनची बाजू

मावशीला गिरणीत नेण्यात भाच्याचा फायदा उघड होता. बंद सूतगिरणीचं संग्रहालय होणार होतं आणि पाहुण्यांना माहिती सांगायला माणूस हवा होता. खुर्ची, पंखा, कायमची नोकरी! माहितीच्या नावाने भाच्याकडे बोंब होती. पण ती घरातच फुकट मिळणार होती. मावशीने गिरणीत उभा जन्म काढला होता.

भाचा बढाया मारण्यात पटाईत आहे, हे कबूल. पण ही गोष्ट सांगताना तो स्वतःलाच दोष देतो. म्हणून मी विश्वास ठेवला.

भर दुपार होती. दोघं कताई खात्यात शिरले.

"इथे एवढा आवाज, की बोंबललं तरी शेजारणीला ऐकू यायचं नाही," मावशी म्हणाली. "सगळं ओठांवरून बोलायचो. मुकादमाला शिव्याही तशाच... त्याच्या तोंडावर!"

भाचा खो खो हसला. मावशी गुडघे धरून दारातल्या पायरीवर टेकली. तो एकटाच रांगांमधून आत गेला.

आत चिटपाखरू नव्हतं.

आणि मग... खांद्यावर दोन थापा.

हलक्या. घाईच्या.

मावशीच असणार. त्याने न वळताच मान हलवली.

मग वळला.

मावशी लांब, पायरीवरच होती.

आणि शर्टाच्या खांद्यावर... कापसाचे ताजे तंतू.

"मावशे, इथे भुतंही हजेरी लावतात वाटतं!"

मावशीचा चेहरा उतरला. "किती थापा?"

"दोन."

"तू मान हलवलीस?"

"हलवली. का गं?"

"दोन थापा म्हणजे, 'मी जाऊन येते, माझ्या मशीनची बाजू सांभाळ.' मान हलवली की कबूल. ती परत येईपर्यंत जागा सोडायची नाही. कुठे उभा होतास?"

त्याने खिडकीजवळचं शेवटचं मशीन दाखवलं.

"ते तुझ्या आईचं," मावशी हळूच म्हणाली. "तू दोन वर्षांचा, तापाने फणफणलेला. तिला घरी जायचं होतं. प्रत्येकीच्या खांद्यावर थापा मारून आली. पण त्या दिवशी सूत सारखं तुटत होतं... कुणीच मान हलवली नाही. मी दुसऱ्या पाळीला आले, तेव्हा ती राबता राबता मशीनपाशीच जमिनीवर पडलेली. गेलेली."

भाच्याने खांद्यावरचे तंतू चिमटीत धरले.

"आता सुटली बिचारी. घरी गेली," मावशी उठली. "आणि तू कबूल करून बसलास! तुला धागा तरी सांधता येतो का? हो बाजूला."

ती शेवटच्या मशीनपाशी उभी राहिली. बोटं रिकाम्या हवेत चालू लागली.

अंधार पडल्यावर तिला उचलूनच घरी आणावं लागलं.

आता ती घरात भिंतीलगत, मशीनच्या बाजूने फिरावं तशा येरझारा घालते. बोटं थांबत नाहीत. जेवायला बोलावलं की म्हणते, "तिला येऊ दे."

आणि भाच्याच्या कपाळावर, झोप लागता लागता... एक खरखरीत तळवा टेकतो.

ताप बघणारा.

'ताप उतरला, आई,' एवढं म्हटलं तर ती मशीनवर परत जाईल आणि मावशी सुटेल. त्याला कळतं. रोज ठरवतो.

रोज त्या तळव्याखाली डोळे मिटून पडून राहतो.

भाच्याला नोकरी मिळाली. आईला रजा मिळाली.

ती रजा मावशी अजून भरून काढते आहे.