रोपाला कोणी विचारत नाही

"अवो सायेब, खाली बघा जरा... आमच्या रोपावर उभे हाव तुमी."

नंदसेनने दचकून पाय उचलला आणि नेमका पुढच्या रोपांवर ठेवला. बांधावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बोलणारीने मात्र न हसता हातातली काठी पुढे केली. १९४८ च्या आषाढात, भाताच्या संशोधनासाठी वर्षभराकरिता सिलोनहून कर्जतला आलेल्या या तरुणाची आणि कळंबच्या जयवंताची पहिली भेट ही अशी, चिखलात झाली.

ते वर्ष आता सरत आले होते. पावसाळ्याआधीच्या बोटीने त्याला परतायचे होते. जयवंताच्या वडिलांच्या, भिवाजीच्या, शेतात त्याने भाताचे वाण पारखले. गावच्या शाळेत मुलींना शिकवून ती परतली, की त्याचे मराठी दुरुस्त करी. त्याच्या 'हाय-नाय'ला कर्जतचे अधिकारी हसत. त्याला मात्र तीच बोली गोड वाटे.

वैशाखातली संध्याकाळ. रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून भाजलेल्या राबाचा धूर खाचरांवर रेंगाळत होता. जयवंता बांधावर येऊन उभी राहिली.

"दुपारी बाबांकडं आला व्हता म्हनं. काय बोललात?"

"बोललो... रोप वाफ्यातच ऱ्हायलं तर भरत नाय. उपटून दुसऱ्या खाचरात लावलं, तरच—"

"मंजे मी रोप." तिच्या डोळ्यांत हसू होते, आणि रागही. "बाबा काय म्हनालं?"

"इचार करतो म्हनालं."

"रोपाला कुनी इचारत नाय, सायेब. मला इचारायचं व्हतं."

नंदसेनचे कान तापले. इतक्या दिवसांत हे आपल्याला कसे सुचले नाही?

"येशील... सिलोनला? माझी बायको व्हून?"

ती धुराकडे पाहत राहिली. "तिथं शाळंत शिकवू देतील मला?"

हो म्हणणे फार सोपे होते.

"लगेच नाय. आदी आमची भाषा शिकाया लागंल. वरीस तरी जाईल."

"खोटं बोलला असता, तर हितूनच माघारी गेले असते." ती बांधावर टेकली. "बाबांना मी सांगते. चला, पयला शब्द सांगा."

नंदसेनने तोंड उघडले. पण वर्षभर ज्या बोलीत तो हसला, रुसला, झुरला, तिच्याखेरीज ओठांवर काही येईना. स्वतःच्या आईच्या भाषेतला एक साधा शब्द...

"थांब गं जरा," तो कासावीस होऊन म्हणाला, "आठवतो."

"आठवा की," जयवंता म्हणाली. "मी हाय हितंच."