न मागितलेलं उत्तर

ऑफिसच्या प्रिंटरमधून दोघांच्या कॉम्प्युटर प्रोग्रामची पानं एकदमच बाहेर पडली आणि पंख्याच्या वाऱ्यानं जमिनीवर विखुरली. वेचता वेचता तिनं एक पान डोळ्यांजवळ धरलं.

“हा तुमचा प्रोग्राम? हा तर काही करतच नाही!”

“मागितल्याशिवाय नाही करत. कुणी उत्तर मागितलं, की तेव्हाच काढायचं. उगाच आधीपासून कशाला राबायचं?”

“अस्सं! म्हणजे आळशीबुवा!”

“आणि तुमचा?”

“मी प्रत्येक कामाच्या हातात पुढचं काम बांधून देते. ते मागे वळत नाही — पुढेच जातं.”

झालं! तेव्हापासून तो आळशीबुवा आणि ती पुढेबाई. अहो-जाहो आठवड्यात गळून पडलं. तो काहीही सांगू लागला, की ती हनुवटी तळहातावर टेकवून म्हणायची, “आणि पुढे?” त्या दोन शब्दांवर बिचाऱ्याचा जीव जडला. पण बोलायचा धीर… देवानं त्याला सगळं दिलं, तेवढंच द्यायचं राहून गेलं होतं.

वर्षभरानं एका दुपारी ती चहाचा कप नुसताच फिरवत म्हणाली, “दादानं स्थळ आणलंय. महिन्यात कळवायचंय.” आणि थांबली…

तो चहा संपवून कामाला लागला. संध्याकाळी मात्र दोघं मिळून लिहीत असलेल्या प्रोग्राममध्ये त्यानं एक ओळ घातली, ओळीला नाव दिलं ‘मनातलं’. ती मागेल, तेव्हा उत्तर येईल.

महिना सरला. तिनं राजीनामा दिला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी काम सोपवताना तिला ती ओळ दिसली.

“हे काय रे? हे कुणी कधी मागितलेलंच नाही.” तिनं बटण दाबलं.

पडद्यावर उमटलं — ‘जाऊ नकोस.’

“कधी लिहिलंस?”

“तू स्थळाचं सांगितलंस, त्याच संध्याकाळी.”

“अरे गाढवा… मी महिनाभर तुझ्या तोंडाकडे बघत होते!”

“वाटलं, तू विचारशील—”

“आणि मला वाटलं, तू बोलशील! महिना संपला, तसा होकार कळवला रे. दादा किती हरखलाय…”

“मागे नाही वळता येणार?”

तिनं नकारार्थी मान हलवली. “त्या होकाराच्या हातात आता किती जणांचं पुढचं बांधलंय, ठाऊक आहे?”

काचेवर पाऊस बारीक वाजत होता. आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी न मागता, तो बोलला.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर. ती पानं वेचत होतीस ना… तेव्हापासून.”

ती ऐकत होती. हनुवटी तळहातावर, डोळे काठोकाठ भरलेले. तो थांबला, ‘आणि पुढे?’ या दोन शब्दांसाठी…

तिचे ओठ हलले. मग तिनं पर्स खांद्याला लावली, त्याचा निवलेला चहाचा कप हलकेच त्याच्याकडे सरकवला आणि काही न विचारता निघून गेली.