तिघांपैकी दोघे

तिघांना औषध दिलं, दोघांची गाठ आकसली. मग औषध चांगलं की नाही?

बारा वर्षांच्या शाल्मलीला यात कोडं असं काही दिसेना. औषध चांगलंच, आणि ते तिच्या दादाला आजच्या आज मिळायला हवं. दादा, म्हणजे निषाद, सतरा वर्षांचा. त्याच्या मांडीच्या हाडात दुर्मिळ कर्करोग (लाखो माणसांत एखाद्यालाच होणारा) निघाला होता.

त्यांची आत्या, डॉ. वैजयंती, अर्धं आयुष्य याच रोगाच्या हात धुऊन मागे लागलेली. शाल्मलीचा हट्ट ऐकून तिने प्रयोगशाळेतल्या यंत्रमानवाला नुसती खूण केली. त्याच्या बारीक बोटांमुळे सगळे त्याला चिमटा म्हणत. चिमट्याने अर्धे फोडलेले तीन चिंचोके टेबलावर टाकले. दोन पांढऱ्या बाजूने पडले, एक तपकिरी.

"म्हणजे चिंचोक्यांना पांढरं पडायला आवडतं," तो गंभीरपणे म्हणाला.

शाल्मलीला हसू आलं. त्याने पुन्हा टाकले, तर तिन्ही तपकिरी. मग तो मुठी भरभरून टाकत राहिला, तेव्हा कुठे कळलं की दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच पडतात. मघाचे दोन पांढरे हा निव्वळ योगायोग होता. औषधाचंही तसंच. तीन माणसांवरून औषधाचा गुण कोणता आणि योगायोग कोणता, हे सांगता येत नाही. त्यासाठी पुष्कळ रुग्ण लागतात. शाल्मलीचं हसू मावळलं, कारण एवढे रुग्ण आणणार कुठून?

रुग्ण आहेत, पण जगभर विखुरलेले, असं आत्याने समजावलं. एकेका रुग्णालयात वर्षानुवर्षांत एखादाच येतो. त्यातून हे वय मोठं अडचणीचं. निषादला आधी बालविभागात ठेवलं, तर त्याचे पाय पलंगाबाहेर लोंबत होते. मग मोठ्यांच्या विभागात हलवलं, तर शेजारच्या आजोबांना वाटलं, हा कुणाला तरी भेटायला आलाय. धड लहान नाही, धड मोठा नाही, म्हणून अशा मुलांच्या रोगाकडे खास लक्ष द्यायला कुणी नाही. त्यावर उपाय म्हणजे संयुक्त चाचणी (अनेक रुग्णालयांनी मिळून, एकाच पद्धतीने घेतलेली औषधाची परीक्षा). पण असं औषध घेणारे थोडे, म्हणून औषध कंपन्या तिच्यावर खर्च करत नाहीत. पैसा सार्वजनिक निधीतूनच यायला हवा. तो मिळाला तरच चाचणी होणार होती, आणि चाचणी झाली तरच निषादला औषध.

निधी समितीपुढे आत्या गेली, तेव्हा शाल्मली मागच्या बाकावर बसली होती. अध्यक्ष पाटणकरांनी सरळ विचारलं, की एवढ्याच पैशात नेहमीच्या रोगांच्या हजारो रुग्णांचं भलं होईल, ते का करू नये?

"तुमचं म्हणणं खोटं नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "पण दर वेळी हाच विचार झाला, म्हणून ही मुलं आजही चाळीस वर्षांपूर्वीच्या औषधांवर आहेत. त्यांची अख्खी आयुष्यं पुढे पडलीयेत, साहेब."

आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. शाल्मलीला आपल्या आत्याचा इतका अभिमान याआधी कधीच वाटला नव्हता. समितीने निधी मंजूर केला.

निषादला दोन उपचारांच्या मधे घरी सोडलं होतं. घरी आल्यावर आत्या त्याच्याजवळ बसली आणि तिने काहीही लपवलं नाही. औषध लागू पडेल, कदाचित पडणारही नाही. तयार आहेस का, असं तिने विचारलं.

"नाही लागू पडलं, तरी ते नोंदवायचं," निषाद म्हणाला. "म्हणजे पुढच्याला ते उगाच घ्यावं लागणार नाही."

आता मात्र आत्याचे डोळे भरून आले. 'नाही' हेसुद्धा उत्तरच असतं आणि तेही कुणाला तरी वाचवू शकतं, हे शाल्मलीला तेव्हा समजलं.

तेवढ्यात चिमट्याचा निरोप आला. नैरोबीतलं एक रुग्णालय चाचणीत सामील होत होतं. त्यांच्याकडे याच रोगाची एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची.

आपल्याच रोगाच्या, जवळपास आपल्याच वयाच्या कुणाबद्दल तरी निषाद पहिल्यांदाच ऐकत होता. तो उठून बसला.

"तिचं नाव काय?" त्याने विचारलं.