मॅच सांगणारी

"किती झाले हो?"

अनोळखी पुरुषाला एसटीत असं विचारायची आमच्याकडं रीत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. पण माझ्या मोबाइलनं पाटोद्यातच मान टाकली होती, आणि पुढच्या सीटवरचा तो माणूस कानात इअरफोन घालून मधूनच मांडीवर मूठ आपटत होता. आपला संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर, पहिली वनडे, शेवटची षटकं... मला दम निघेना.

त्यानं मागं वळून पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, भुवईत बारीक पांढरी खूण, आणि डोळे — डोळ्यांचं नंतर सांगते.

"पडला," तो म्हणाला.

"कोण?"

"सेट झालता त्योच. पुल मारायला गेला, वर उडाला."

"दर वेळेस तेच! टाकणाऱ्याला म्हाईत, बघणाऱ्याला म्हाईत, फकस्त ह्येलाच न्हाई म्हाईत!" मी इतकी जोरात बोलले की कंडक्टरनंही मान वळवली.

तो हसला. मग एका कानातली वायर काढली, शर्टाला पुसली आणि सीटवरून मागं धरली. मी खिडकीबाहेर बघितलं, बसमध्ये बघितलं... आणि घेतली. वायर आखूड होती, त्यामुळं मला पुढं वाकून बसावं लागलं. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मला आजही तो वास आला की छातीत काहीतरी हलतं, खोटं कशाला बोलू?

डोंगराच्या वळणाला रेंज गेली. कानात नुसती खरखर.

"आता काय हो?" मी म्हणाले.

"आता तुमी सांगा."

"मी काय सांगू?"

"काय चाललं असंल ते."

मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी सुरूच झाले. "बॉलर निघाला... हळू टाकला... मारला बघा! वर, लई वर — आला, आला, आपल्या बसच्या टपावर आदळला!" मागच्या सीटवरची म्हातारी खरंच वर बघायला लागली. तो तोंडावर रुमाल धरून हसत होता, खांदे हलत होते. शिरूर कासार जवळ आलं तेव्हा रेंज आली, आणि कळलं की आपण कधीच हरलो होतो.

"तुमचीच मॅच बरी हुती," तो उतरताना म्हणाला.

त्याचं नाव शहादेव. शिरूरच्या पलीकडच्या वस्तीवर आई आणि तो, दोघंच. मी उज्ज्वला. वडील शेरडं-मेंढरं राखतात, आणि मी रोज पाटोद्याला नर्सिंगच्या कॉलेजात जाते-येते. एवढी ओळख तर बसमध्ये कुणाचीही होते. पण पुढच्या वनडेला तो परत त्याच बसला, त्याच सीटवर.

"आज कावून आलात पाटोद्याला?"

"बाजाराला."

"आज पाटोद्याचा बाजार नसतोय."

"मंग... पुढच्या बाजाराला आलो, आसं समजा."

आता डोळ्यांचं सांगते. माणूस हसला की आधी तोंड हसतं. शहादेवचे आधी डोळे हसायचे, आणि तोंडाला नंतर खबर लागायची. ते बघायला म्हणून मी मुद्दाम वाकडं बोलायचे.

वनडे संपल्या, टी-ट्वेंटी सुरू झाल्या. दुपारीच सुरू व्हायच्या आणि बस गावाला पोचायच्या आत आटपायच्या. "मला न्हाई आवडत ही वीस षटकांची," मी कुरकुरले. "नीट बघस्तवर संपती."

"मंग टेस्ट ऐकू की. पाच-पाच दिवस."

एवढं म्हणाला आणि त्याचे डोळे विझले. टेस्ट लागायच्या आधी ऊसतोडीच्या गाड्या सुटणार होत्या. शिरूरच्या निम्म्या वस्त्या दिवाळी झाली की कुलपं लावून कारखान्यांकडं निघतात. तोही जाणार होता, आईला घेऊन, पार सांगलीच्या बाजूला.

शेवटची टी-ट्वेंटी झाली त्या दिवशी आम्ही शिरूरच्या स्टँडवर उतरून तसेच उभे राहिलो. बस निघून गेली, धुरळा खाली बसला, तरी कुणी हलेना.

"टेस्ट कशी ऐकणार तू?" मी म्हणाले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"न्हाई ऐकणार. फडात मोबाइल हातात धरता येत न्हाई. उसाच्या रसानं बोटं चिकाट, स्क्रीनबी ऐकत न्हाई."

"कानात वायर तर घालता येती ना?"

"येती की."

"मग मी सांगीन मॅच. तू नुसता मिस कॉल दे."

त्यानं इअरफोनची वायर बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाला, "उज्ज्वला, ही सगळी टेस्ट झाली की मी मायला सांगतो. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला, की तुज्या घरी येतो. थांबशील का?"

"मी कुठं चाललीय? जाणार तर तूच हायस," मी म्हणाले, आणि घरी येईपर्यंत रडले.

कारण मला सगळं माहीत होतं. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रॅक्टरवर चढायचं. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी धरत नाही. म्हणून तर पोरांची लग्नं गाडी सुटायच्या तोंडावर घाईघाईनं लावतात. काहींची तर तिकडंच, कारखान्याच्या गेटापाशी चार माणसांत उरकतात. त्याला नावच आहे, गेटकेन लग्न. शहादेव अजून बिनलग्नाचा होता, कारण त्याची आई मंजुळाबाई त्याचा अर्धा कोयता झाली होती. वय झालेलं, गुडघे गेलेले, तरी मोळ्या वाहायची.

माझ्या आईनंही वाहिल्या होत्या. तिकडंच एका डॉक्टरनं कंबरदुखीवर तिची गर्भाची पिशवी काढली; तेव्हा मी पाळण्यातून नुकती उतरले होते. तेव्हापासून आई, रतनबाई, सरळ उभी राहत नाही. माझा पांढरा ड्रेस ती वेगळा धुते, निळीत घालते, आणि वाळला की एकदा छातीशी धरते. "तुज्या हातात कोयता आला तर मी हिरीत जाईन," असं ती एकदाच म्हणाली होती. एकदाच पुरे.

पहिली टेस्ट लागली. ऑस्ट्रेलियात सकाळ म्हणजे आपल्याकडं पहाट. शेरडांच्या वाड्यामागं रेंज येते, तिथं मी शाल पांघरून उभी राहायचे. मिस कॉल यायचा. मी लावायचे आणि सुरू व्हायचे. "आला... टाकला... सोडला. परत आला... परत सोडला बाबा. आज ह्यांनी सोडायचीच शपथ घेतलीय." तिकडून बोलणं नसायचं, नुसता कोयत्याचा आवाज. खच्... खच्... चौकार सांगितला की दोन घाव भराभर यायचे. विकेट पडली की आवाज थांबायचा, आणि एक उसासा.

एकदा मागून मंजुळाबाईंचा आवाज आला, "कोण रं बोलतंय तुज्या कानात?"

"मॅच सांगतेत, माय."

"बाई?"

"आता बायाबी असतेत."

"लई बोलती बया!"

मी तोंडात शालीचा बोळा कोंबून हसले. सासू तरी चांगली मिळणार, असं मनात आलं. मन काय, त्याला कुणी आवरायचं?

तिसऱ्या टेस्टला मिस कॉल आलाच नाही. मीच लावला, बंद. दुसऱ्या दिवशी बंद. मी तरी वाड्यामागं उभी राहून स्कोअर बघत होते, आणि कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. त्या टेस्टच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, मी वॉर्डात असताना फोन वाजला.

"माय पडली," शहादेव म्हणाला. "मोळी घेऊन फळीवरनं घसरली. खुबा मोडला."

"कुठल्या दवाखान्यात हायत? ऑपरेशन—"

"झालं. पडून हाय खोपीत. उठता येत न्हाई." मग म्हणाला, "मुकादम म्हणतो, आगाऊ घेतलेली उचल फिटली न्हाई, अन् अर्धा कोयता चालत न्हाई. दोन दिवसांत जोडी कर. टोळीतल्याच एका पोरीचं... स्थळ आणलंय."

वॉर्डात कुणाची तरी सलाईन संपत आली होती. मी ती बघत होते.

"मी येते," मी म्हणाले.

"काय?"

"मी येते. आज बसते गाडीत. मला मोळी बांधता येती, आईनं शिकवली न्हाई तरी रक्तात हाय."

"न्हाई."

"शहादेव—"

"न्हाई म्हणलं ना! तुज्या मायनं तुला त्या पांढऱ्या कपड्यात घातलंय. मी तुला हितं पाचटात आणू? तुजा हात कापला तर मी..."  पहिल्यांदा मी त्याला रडताना ऐकलं.

मला राग आला. त्याच्यावर, त्याच्या चांगुलपणावर, सगळ्यावर. "माझ्या हातात कोयता द्यायला जीव तुटतोय तुझा. आणि तिच्या हातात देताना? ती काय दगडाची हाय?"

  मी फोन ठेवला, सलाईन बदलली, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

शेवटची टेस्ट आली. मालिका बरोबरीत होती. पाचव्या दिवशी आपल्याला नुसतं टिकून राहायचं होतं. मी पहाटे उठणार नव्हते, पण जाग आली. शाल घेतली. शेरडांनी माना वर करून बघितलं. त्यांनाही माझी सवय झाली होती.

आणि मिस कॉल आला.

मी लगेच लावला. "हॅलो?"

"ताई," एक कोवळा आवाज. मागं खच्... खच्... चालू. "हितं 'मॅच' म्हून नंबर हाय. ह्याच्यावर मॅच सांगतेत का?"

मी शाल घट्ट ओढून घेतली.

"ह्ये रोज सकाळी फोन हातात घेतेत, बघतेत अन् ठिवून देतेत. बोलत न्हाईत काई. म्हून मीच लावला, त्येंना न विचारता. स्पीकरवर ठिवू का?"

"नाव काय तुजं?"

"रोहिणी."

"ठेव, रोहिणी."

मग मी सांगितली मॅच. नेहमीसारखी. "आला... टाकला... अडवला." पहिल्याच वाक्याला तिकडचा कोयता थांबला. मला ते ऐकू आलं, आणि मी थांबले नाही. एकेक गडी बाद होत गेला. शेवटची जोडी उरली. "अजून थोडीच षटकं हायत... अडवला... परत अडवला..." माझा आवाज फाटत होता. ऊन डोक्यावर आलं, तेवढ्यात तो यॉर्कर आला.

"गेला," मी म्हणाले. "हरलो."

 मग रोहिणी हळूच म्हणाली, "ह्ये पाठमोरे हुबे हायत, ताई. लई वाईट वाटलं वाटतं त्येंना."

"वाटू दे," मी म्हणाले. "रोहिणी, माझं ऐक. मी नर्स होतेय. कंबर दुखली, अंगावरून जायला लागलं, आणि कुणी म्हणालं की पिशवी काढून टाक, तर कुणाचं ऐकू नकोस. डॉक्टर असला तरी. आधी मला फोन करायचा. रात्र असो, पहाट असो."

स्पीकर चालू होता. त्यालाही ऐकू गेलं, आणि जावं म्हणूनच मी बोलले होते.

"बरं," ती म्हणाली. थोडी घुटमळली. "मंग ताई, नंबराला तुमचं नाव घालू का? काय नाव तुमचं?"

मागून कोयता पुन्हा सुरू झाला. खच्... सावकाश. खच्...

"नको," मी म्हणाले. "मॅचच राहू दे."